आबुसचं उत्तर

रुइफेन: नाही बाबा, विसरले नाही. शब्द सगळे आठवत होते. मी नुसतीच गप्प उभी राहिले.

बाबा: गप्प म्हणजे किती गप्प?

रुइफेन: घड्याळ नाही बघितलं.

बाबा: शिक्षकभरतीत दहा मिनिटं देतात ना शिकवून दाखवायला? त्यातली किती गेली?

रुइफेन: दोन तरी गेली असतील. जास्तच. वेळ संपत आल्याची पहिली घंटा झाली तेव्हा फळ्यावर अर्धंच काम झालं होतं. दार उघडा हो ट्रकचं. उन्हात उभं राहून नापास व्हायचा कंटाळा आलाय.

बाबा: निकाल पाच वाजता आहे. आत्तापासून कशाला नापास होतेस? बस. हे धर, चहात उकडलेलं अंडं. डब्यातला भात गार झालाय, पण अंडं बरं आहे.

रुइफेन: भूक नाही.

बाबा: भूक आहे का असं विचारलं का मी? खा.

रुइफेन: सुरुवात चांगली झाली होती. चिठ्ठीत अपूर्णांकाचा धडा निघाला. एक अर्धा आणि दोन पाव सारखेच कसे, तो. झोपेत शिकवीन मी हा धडा. आत गेले. वीस रिकामी बाकं, मागे तीन परीक्षक. रिकाम्या बाकांकडे बघून हसले, म्हटलं, बसा बाळांनो. पहिल्या गटाला प्रश्न विचारला, त्यांचं उत्तर मीच दिलं, वर शाबासकीही मीच दिली.

बाबा: हे मला सात वर्षांत कळलेलं नाही. पोरं नसलेल्या वर्गात कसलं शिकवायचं? मी आलं लावतो. मला कोणी म्हणत नाही, आधी हवेत कुदळ मारून दाखव, मग जमीन देतो.

रुइफेन: अठ्ठ्याहत्तर जण आले होते आज. सगळ्यांना सारखी पोरं कुठून आणणार ते? म्हणून कोणालाच नाहीत.

बाबा: बरं, मग?

रुइफेन: मग पुढचा प्रश्न विचारला आणि म्हटलं, आबुस, तू सांग.

बाबा: आबुस म्हणजे ती? मला भाजलेलं रताळं आणून दिलं होतं आणि खाऊन होईपर्यंत समोरून हलली नव्हती, ती?

रुइफेन: तीच. खरं तर 'सहा नंबर' म्हणायचं असतं, नाहीतर 'खिडकीजवळची ताई'. माझ्या तोंडून नावच गेलं. आणि मी थांबले. आबुसला विचारलं की थांबायचं, हे आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे. ती आधी स्वतःची बोटं बघते, मग खिडकीबाहेर बघते, मग बोलते. कोणी घाई केली तर त्या दिवशी मग तोंडच उघडत नाही. सहा महिने लागले मला हे कळायला.

बाबा: पण ती तिथे नव्हती.

रुइफेन: ठाऊक आहे बाबा, ती तिथे नव्हती.

बाबा: मग द्यायचं काहीतरी ठोकून. वा आबुस, बरोबर! आणि पुढे जायचं.

रुइफेन: तेच करायला गेले होते. तोंडसुद्धा उघडलं. पण ती काय म्हणेल हे मला ठाऊकच नाही हो. बाकीच्या दहाही पोरांचं मी सांगू शकते, कोण काय चुकेल तेही सांगू शकते. हिचं कधीच कळत नाही. म्हणून तर तिला विचारते. तिच्या तोंडात माझं उत्तर कसं घालू? परीक्षक बाई मान वर करून बघायला लागल्या. त्यांना वाटलं असणार, हिला चक्कर येतेय.

बाबा: पाच जागा आहेत.

रुइफेन: हो.

बाबा: त्यातली एक आपली.

रुइफेन: आपली कसली? माझं सात वर्षांचं काम करारावरचं. दर ऑगस्टला नवं पत्र. यंदा ती जागा कायमची केली म्हणून ती यादीत आली. पहिल्या पाचात आले तर माझाच वर्ग मागून घेईन, नाहीतर एक ऑगस्टला दुसरं कोणीतरी तिथे उभं राहील. इतकी साधी गोष्ट. आणि मी काय केलं? हवेशी बोलायला थांबले.

बाबा: तुझ्या आत्याचा दोनदा फोन आला. हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत सांग म्हणाली. तिच्या शिकवणीवर्गात कोणी परीक्षा घेणार नाही, दर वर्षी पत्र द्यावं लागणार नाही. दुपारी पोरं येतात, गृहपाठ करून घ्यायचा, सातला घरी.

रुइफेन: माहितेय.

बाबा: आजची शेवटची, असं तूच म्हणाली होतीस. नववर्षाच्या जेवणाला, सगळ्यांच्या समोर. मी नव्हतो म्हणालो.

रुइफेन: हो, मीच म्हणाले. पस्तीस वर्षांची झाले, मलाही कळतं. गुरुवारी पलीकडच्या जिल्ह्याची परीक्षा आहे, तिचा फॉर्म भरून ठेवलाय, पण जाणार नाही. पाच वाजू देत, आत्याला हो म्हणून टाकते.

यीआन: ताई! एक्स्क्यूज मी, ताई! नमस्कार काका. तुम्ही स्टेशनकडे जाताय का? बस आत्ताच गेली, पुढची तासाने आहे आणि माझी गाडी पाच वीसची. हे खोकं घेऊन चालत जायला लागलं तर मी वाटेतच मरेन.

बाबा: खोकं मागे टाक. आल्याच्या पोत्यांवर ठेव, घसरणार नाही. तू बस मधे. रुइ, सरक जरा.

यीआन: थँक्यू काका, खरंच थँक्यू. मी यीआन. ताई, तुम्ही अठरा नंबर ना? मी एकोणीस. तुमच्या पाठोपाठ मीच होते, दाराबाहेर.

रुइफेन: अच्छा.

यीआन: आतून तुमचा आवाज एकदम थांबला. मला आधी वाटलं, काहीतरी नवीन पद्धत असेल. मग मला इतकं टेन्शन आलं ना! आम्ही क्लास लावला होता या परीक्षेसाठी. तिथले सर म्हणायचे, तीन सेकंदांच्या वर शांतता झाली की समजा मार्क गेले. तुम्हाला... म्हणजे, बरं वाटत नव्हतं का?

रुइफेन: बरं होतं मला.

बाबा: पोरी, पहिलीच परीक्षा का तुझी?

यीआन: पहिलीच. जूनमध्ये कॉलेज संपलं. मी दुसरीत होते तेव्हापासून ठरवलंय की बाई व्हायचं. घरी बाहुल्या नव्हत्या, मग चपला ओळीने मांडून शिकवायचे. आई म्हणते, चपलांना तू काय ओरडायचीस! आणि आज बघा, चपलासुद्धा नव्हत्या समोर.

बाबा: हे बरं सांगितलंस.

यीआन: पण एक सांगू का ताई? कोणाला सांगितलं नाही मी हे. रिकाम्या बाकांची मला इतकी सवय झालीये, दीडशे वेळा तरी केली असेल प्रॅक्टिस. गट क्रमांक तीन, किती छान सांगितलंत! मग टाळी, मग स्टिकर. सगळं जमतं. खऱ्या मुलांसमोर मी फक्त सहा महिने होते, तेही मूळच्या बाई मागे बसलेल्या असायच्या. आता मला भीती वाटते ती खऱ्या मुलांची. ती काही मी ठरवलेलं उत्तर देणार नाहीत ना. आणि त्यांचे आईबाप. माझ्या मैत्रिणीला एका आईचे रात्री अकराला मेसेज यायचे, आज माझ्या मुलीकडे बघून तुम्ही हसला नाहीत म्हणून. ती मैत्रीण आता कॉफीच्या दुकानात आहे. म्हणते, दूध फेसाळतं, पण तक्रार करत नाही.

रुइफेन: सगळे आईबाप तसे नसतात.

यीआन: तुम्ही किती वर्षं शिकवताय?

रुइफेन: सात.

यीआन: सात वर्षं करारावर? बाप रे. म्हणजे, सॉरी, तसं नाही म्हणायचं मला. मला तर कुठलीही शाळा चालेल. फक्त ती एक नको, यादीत शेवटी आहे ती, डोंगरावरची. तिसरी-चौथी मिळून अकरा मुलं, दिवसातून दोन बस. मी नकाशावर बघितलं, जवळात जवळचं दुकान चाळीस मिनिटांवर आहे.

बाबा: बेचाळीस.

रुइफेन: बाबा, समोर बघून चालवा.

यीआन: तुम्ही गेलायत तिकडे काका?

बाबा: आलं विकायला कुठे कुठे जातो मी.

यीआन: सगळे म्हणतात, तिथे कोणी टिकत नाही. कोणी पहिल्या वर्षातच बदली मागतं, कोणी रडत खाली येतं. माझी आई तर म्हणाली, तिकडे लागलीस तर मी दर शनिवारी डबा घेऊन येणार. मला माहितेय ना, ती एकदा येईल आणि मग फोनच करेल.

रुइफेन: पाच वाजले का?

यीआन: पाचला दोन कमी. अरे देवा. ताई, तुम्ही बघाल का माझ्या फोनमध्ये? नको, मीच बघते. उघडतच नाहीये, सगळे एकदम बघत असणार. उघडलं. उघडलं, ताई!

बाबा: हळू. गाडी चालवतोय मी.

यीआन: माझं नाव आहे. मी आहे! पाचवी! काका, मी आहे! शेवटची आहे, पण आहे! आई... आईला फोन... थांबा. ताई, तुमचं आडनाव काय?

रुइफेन: चुंग.

यीआन: चुंग... चुंग... खाली प्रतीक्षा यादी आहे, तिच्यात तीन नावं...

रुइफेन: राहू दे. आठ नावं वाचायला इतका वेळ लागत नाही.

यीआन: सॉरी ताई.

रुइफेन: तू कशाला सॉरी? अभिनंदन. आधी आईला फोन कर.

यीआन: करते, मग करते. पाचवी म्हणजे शाळा निवडायला माझा नंबर शेवटी ना? पहिले चौघं चार घेणार, मग उरली ती... अगं आई गं. ती डोंगरावरचीच उरणार.

बाबा: करारावरसुद्धा दर वर्षी तीच उरायची.

यीआन: तुम्हाला कसं माहीत? आणि ती बेचाळीस मिनिटं? काका, तुम्ही आलं विकायला नाही ना जात तिकडे?

(स्टेशनसमोरच्या झाडाखाली ट्रक थांबतो. इंजिन बंद होतं.)

बाबा: रुइ, सांगू का नको?

रुइफेन: माझा वर्ग आहे तो.

यीआन: म्हणजे?

रुइफेन: म्हणजे अकरा पोरं, दोन बस, बेचाळीस मिनिटं. सात वर्षं मीच आहे तिथे. ती जागा माझी होती. आता तुझी.

यीआन: आणि मी मघापासून काय काय बोलत बसले... ताई, मी नाही म्हणते. मी आत्ता लिहून देते, नको म्हणून. पुढच्या वर्षी परत बसेन, माझं वय तरी...

रुइफेन: वेड्यासारखं करू नकोस. तू नाही म्हणालीस तर प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव येईल. ते माझं नाही. म्हणजे पोरांना तूही नाही आणि मीही नाही.

यीआन: पण मी कशी...

रुइफेन: आणि एक सांगते. मला तुझा राग आलाय. तुझी काही चूक नाही, तू चांगली मुलगी आहेस, तरी मला तुझा राग आलाय. दहा मिनिटांत जाईल. तोवर मी खिडकीतून बाहेर बघते, तू माझ्याकडे बघू नकोस.

बाबा: दहा मिनिटांत हिची गाडी येईल.

रुइफेन: तर मग पाच.

बाबा: पोरी, रडू नकोस. हिचा राग असाच असतो, सांगून येतो. लहानपणी पण भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मधेच विचारायची, जेवायला काय आहे.

रुइफेन: बाबा.

बाबा: बरं, गप्प बसतो.

यीआन: ताई, नका ना बघू माझ्याकडे, पण मला सांगा. मला तिथलं काहीच माहीत नाही. मला एक ऑगस्टला जायचंय आणि मला फक्त स्टिकर द्यायला येतं.

रुइफेन: स्टिकर नको नेऊस. मिळाले की कपाळाला लावून फिरतात, तासभर काही शिकवता येत नाही.

यीआन: लिहून घेऊ का मी?

रुइफेन: लिहू नकोस, ऐक. पुढच्या बाकावरचे दोघं भाऊ दिसतात, पण मामा-भाचे आहेत. मामा लहान आहे. भाच्याला कधी म्हणू नकोस, मामाकडून शिक, मारामारी होते. पावसात दरड आली की बस येत नाही. मग निम्मी पोरं चालत येतात आणि तू शाळेच्या मागच्या खोलीत राहत असशील तर तूच चहा कर. सोमवारी कोणीच गृहपाठ आणत नाही. रविवारी सगळे चर्चमध्ये असतात, मग शेतात. रागवून उपयोग नाही. सोमवारी पहिल्या तासाला तिथेच करून घे.

यीआन: हो. आणि आईबाप?

रुइफेन: आईबाप बहुतेक खाली शहरात कामाला. आज्या आहेत. तक्रार करत नाहीत, कोबी देतात. नको म्हटलं तर दुप्पट देतात.

यीआन: तुम्ही मघाशी ज्या गप्प झालात...

रुइफेन: आबुस. चौथीत जाईल आता. तिच्यामुळेच झाले गप्प. तिला प्रश्न विचारलास की थांब. तीन सेकंदवाल्या तुझ्या सरांना विसरून जा. वर्ग तुला सांगेल कसं थांबायचं. ते सगळे गप्प बसतात, तो मामासुद्धा. तेवढाच वेळ तो गप्प बसतो दिवसात.

यीआन: आणि ती बरोबर सांगते का, शेवटी?

रुइफेन: कधी बरोबर, कधी भलतंच. एकदा मी विचारलं, अठरा संत्री तिघांत वाटली तर प्रत्येकाला किती? खूप वेळाने म्हणाली, आजी घेत नाही, म्हणून नऊ. मी काय चूक देणार त्याला?

यीआन: मला नाही जमणार ताई. खरंच सांगते. मी इतका वेळ गप्पच नाही राहू शकत, तुम्ही बघताय ना मला.

रुइफेन: बघतेय. मलाही नव्हतं जमत. पहिलं वर्षभर मी एकटीच बोलत होते. घसा बसायचा आणि पोरं झोपायची. तू रडशील, ऑक्टोबरच्या सुमाराला. शाळेच्या शिपायाची बायको बाजरीचं मद्य आणून देईल. एकच घोट घे, जोरदार असतं.

बाबा: दोन घेतलेस तर खाली यायला ट्रक लागतो. मी आणलंय एकदा हिला.

रुइफेन: ते सांगायची काही गरज नव्हती.

यीआन: तुमचा राग गेला?

रुइफेन: थोडा आहे. तुझी गाडी लागली बघ, दुसऱ्या फलाटावर. खोकं उतरवून घे.

यीआन: एकच. शेवटचं. मुलांनी विचारलं, आमच्या बाई कुठे गेल्या, तर काय सांगू? बदली झाली म्हणू?

रुइफेन: नको. असं कोणीतरी सांगायचं आणि त्यांनी वाट बघत बसायचं. खरं सांग. परीक्षेत नापास झाल्या म्हणून सांग.

यीआन: ताई! असं कसं सांगू?

रुइफेन: सरळ सांग. त्यातली निम्मी दर शुक्रवारी श्रुतलेखनात नापास होतात. त्यांना जरा बरं वाटेल.

यीआन: आणि मग विचारतील, आता बाई काय करतायत.

बाबा: हां. हे मलाही ऐकायचंय. तिकडे हिची आत्या फोन मांडीवर घेऊन बसलीय.

रुइफेन: नापास झालं की काय करायचं, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. लाल खूण झालेला प्रत्येक शब्द तीनदा लिहायचा आणि मंगळवारी वही परत दाखवायची. कुरकुरतात, रडतात, पण आणतात. सात वर्षं आणायला लावलीय मी पोरांना.

यीआन: म्हणजे काय सांगू?

रुइफेन: सांग, बाई दुरुस्तीला बसल्यात. पळ आता, गाडी चुकेल.

यीआन: पळते. मी फोन करेन, ऑक्टोबरमध्ये. काका, थँक्यू!

बाबा: पाय बघून चढ! गेली. काय बोलते पोरगी. त्या डोंगरावर हिचं कसं व्हायचं?

रुइफेन: होईल. तिची भीती खरी आहे. मला खोटी माणसं आवडत नाहीत.

बाबा: आत्याला मी नाही म्हणून सांगतो. शिव्या घालेल, त्या मलाच घालू दे.

रुइफेन: बाबा, मी शब्द दिला होता सगळ्यांसमोर.

बाबा: दिला होतास. मी कुठे म्हणतोय नव्हता दिला?

रुइफेन: मला एक ऑगस्टला तिथे जायचं नाहीये. नुसतं सामान आणायलासुद्धा. तुम्ही जाल का?

बाबा: जाईन.

रुइफेन: मी दमलेय बाबा. खरंच फार दमलेय.

बाबा: दिसतंय. मग आत्ता झोप, घरापर्यंत दीड तास आहे. गुरुवारी पहाटे चारला निघावं लागेल.